झिगीच्या कोपराखालची रेकॉर्ड

लॉकस्ट हिल, पेनसिल्व्हेनिया
सोमवार, २७ ऑक्टोबर २०१४

प्रिय काझिमिर,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तू बरा आहेस असं लिहितोस, म्हणजे पाठ दुखत असणार. मी आहे तशी आहे. डावा गुडघा जिना चढताना मला शिव्या देतो, मी त्याला देते. मार्सीने नवं खूळ काढलंय. म्हणते, आजी, अ‍ॅलनटाऊनला चल, आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. मी म्हटलं, लिफ्टमध्ये अकराशे रेकॉर्डी मावतील का? तर म्हणे विकून टाकू, आता परत फॅशन आलीय, दाढीवाली पोरं वाट्टेल ते पैसे देतात. एवढं कॉलेज करून पोरगी शेवटी हेच शिकली. मी चौथीतून उठून शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायला बसले, पण आपल्या घरातलं काय विकायचं नाही एवढं मला कळतं.

आता तुझी यादी. पहिली, ती जाड लाल लेबलची, घेतलीस ते बरं केलंस. दुसरी माझ्याकडे दोनदा आहे. आधी विचारलं असतंस तर फुकट दिली असती, पण तुम्हा भावांना विचारायचं कधी सुचलंय. तिसऱ्या रेकॉर्डवरची बाई नाकात गाते. तुला ऐकू येत नाही म्हणून तुझं निभावेल.

माझी खरेदी एवढीच. ओलेस्कीचा बार बंद झाला. त्याच्या बायकोने ज्यूकबॉक्समधल्या सगळ्या रेकॉर्डी बटाट्याच्या पोत्यात भरून दारात ठेवल्या होत्या. मी म्हटलं, बाई, नवऱ्याला पण असाच ठेवलायस का पोत्यात? ती म्हणाली, त्याला कोण विकत घेणार. नऊ निवडल्या. दोन घरी येऊन फेकल्या, सात धुऊन भांड्यांच्या जाळीत वाळत घातल्यात. एक लग्नात नवरीची ओढणी उतरवून डोक्यावर टोपी घालतात त्या वेळच्या गाण्याची आहे. पुढच्या वेळी दाखवीन.

चौथी मुद्दाम शेवटी ठेवली.

तू लिहितोस, 'पोला, खुर्चीत बसून वाच.' मी बसलेलीच होते. बंद पडलेल्या ड्राइव्ह-इन सिनेमाच्या मैदानावरच्या रविवारच्या बाजारात, एका माणसाच्या गाडीच्या मागे मासे पकडायच्या काठ्या आणि जुनी हत्यारं, आणि त्यांच्यातल्या खोक्यात दुदेक बंधूंची निळ्या लेबलची छोटी रेकॉर्ड. कव्हरवर झिगीचा शिक्का. गोलात झेड आणि वर मुकुट. स्वतःच्या नावावर मुकुट चढवणारा माणूस या दोन्ही खोऱ्यांत एकच होता, तो म्हणजे तुझा भाऊ. आणि ती रेकॉर्ड आपण अकरा वर्षांपूर्वी त्याच्याबरोबर पुरली.

आपण म्हणजे मी. त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, पोलाने आणावी, कुठल्या फळीवर आहे ते तिला माहीत आहे. मी आणली. पेटी उघडी असताना त्याच्या उजव्या कोपराखाली मीच सरकवली. तू शिक्का पाहिलास आणि रडलास.

तुझं म्हणणं, खाणीवरची जमीन खचली आणि ऑगस्टमध्ये कबरस्तान हलवायला घेतलं, तेव्हा खणणाऱ्यांपैकी कुणीतरी हात मारला. असेल. पण झिगीच्या पेटीचं झाकण फुटलं होतं आणि आत पाणी साचलं होतं, हे फादरनी आपल्या दोघांना एकाच बाकावर बसवून सांगितलं. कव्हर कागदाचं. तू लिहितोस ते कोरडं आहे, पांढरं आहे, दुमडलेलंसुद्धा नाही. चष्मा पुसून परत बघ. कुठेतरी बुरशी असेल, डाग असेल. अकरा वर्षांत माणूस राहत नाही, कागद कसा राहील?

आणि ती लावू नकोस. पाण्यात राहिलेली रेकॉर्ड सुईची वाट लावते.

तू म्हणतोस, माझे कान गेले, तुझे आहेत, नेहमीसारखी महिन्याच्या पहिल्या रविवारी रेकॉर्डी ऐकायला ये आणि झिगीची रेकॉर्ड जिवंत आहे की मेली ते सांग. हा रविवार जमेलसं वाटत नाही. गुडघा आहेच. शिवाय त्याच दिवशी मृतांची आठवण करायची. एरवी आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो, यंदा तिथे रांगेने खड्डे आहेत आणि माणसं शेडमध्ये पेट्यांत, नंबर लावून. कुठे बघून मेणबत्ती लावायची तेच मला कळेना. घरीच बसेन म्हणते.

तुझी,
पोला

ता. क. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला ओरखडा दिसतो का ते नुसतं बघून ठेव. लिहून कळवायला नको.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

प्रिय कॅझ,

शेवटी तू मार्सीला चिठ्ठी पाठवलीस आणि तिने मला गाडीत घातलं, म्हणून मी आले. नाहीतर आले नसते. ते राहू दे.

मी अशी उठून गेले ते बरं दिसलं नाही. खसखशीचा रोल तू तीनदा माझ्यापुढे सरकवलास आणि मी हात लावला नाही. तुझ्या हातचा रोल टाकून जायला माणसाला कारण लागतं, आणि मी तुला दिलं नाही. गाडीत मार्सी म्हणाली, आजी, तू पांढरीफटक पडलीस, दवाखान्यात जाऊ या का. मी म्हटलं, तू गप्प गाडी चालव.

तू समोर बसला होतास. गुडघ्यांवर हात ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत. तुला तेवढंच उरलंय ना, दुसऱ्याच्या तोंडावरून गाणं ऐकायचं. सुई टेकली आणि तू विचारलंस, "काय?"

मी म्हटलं, "वाजतेय."

"चांगली?"

मी नुसती मान हलवली. मग तू दुसरी बाजू लावलीस. ती संपल्यावर मी बोटाने परत लाव म्हणून खूण केली, तर तुला वाटलं मला आवडली. हसलास. मार्सीला म्हणालास, "बघ, तुझी आजी अजून नाचेल."

मी नाचत नव्हते रे. मी ओरखडा शोधत होते.

आता मी काय ऐकलं ते लिहिते. दुदेकांच्या या रेकॉर्डच्या दोनशेच प्रती निघाल्या, लग्नांत वाटायला. ज्या लोकांनी जपल्या त्यांच्या प्रतीत वाद्यं सुरू व्हायच्या आधी ढोलवाला दुदेक खाकरतो. हळू, जसा माणूस बायकोशी बोलायच्या आधी खाकरतो तसा. जास्त वाजलेल्या प्रतींत हा खाकरा झिजून जातो, खरखरीत मिसळतो. झिगीच्या प्रतीत होता. तेवढा ऐकवायला तो दर पहिल्या रविवारी सगळ्यांना गप्प करायचा. माझ्या प्रतीत कधीच नव्हता, आणि माझ्या दुसऱ्या बाजूचं काय ते तुला माहीत आहे. माझ्या नवऱ्याने, फेलिक्सने, खाणीवरून येऊन जेवणाचा डबा तिच्यावर आपटला होता. क्लॅरिनेट आत येते तिथे टक, टक, टक. तुम्ही दोघं भाऊ त्या टकटकीवर टेबल बडवायचात आणि म्हणायचात, पोलाच्या रेकॉर्डवर फेलिक्स वाजवतो.

रविवारी ढोलवाला खाकरला. स्पष्ट. आणि दुसऱ्या बाजूला क्लॅरिनेट आली ती लोण्यासारखी आली. दोन्ही वेळा.

तर रेकॉर्ड चांगली आहे. झिगीचीच आहे. हे तुला तिथेच सांगायला हवं होतं. तू माझ्या तोंडाकडे बघून, ती बिघडली आणि पोला लपवतेय, असं समजला असशील. तसं नाही. बिघडलेलं काहीच नाही.

तुझ्या भावाने ती माझ्याच हाताखालून नेली होती, ते तुला कधी सांगितलंन का? एकोणऐंशी साल, बंबखान्याच्या हॉलमधला सेल. खोका माझ्या बाजूला होता, बोटं माझी होती, निळं लेबल दिसायला लागलं होतं. हा आला, म्हणाला, "पोला, तुझ्याकडे आहे ना एक," आणि वरच्यावर उचलली. माझ्याकडे होती, डबा खाल्लेली. चोवीस वर्षं तो मला तो खाकरा ऐकवून माझ्याकडे बघायचा. बाकीचे लेबलकडे बघायचे, हा माझ्याकडे.

आता थांबते. कपाट आवरायचंय.

पोला


सोमवार, १० नोव्हेंबर

प्रिय काझिमिर,

तुझं शनिवारचं पत्र आज आलं. मी ते तीनदा वाचलं, आणि मी कुणाचंच काही तीनदा वाचत नाही.

तू लिहितोस की येत्या शनिवारी झिगीला नव्या जागी पुरल्यावर, चर्चच्या तळघरात जेवणं होतील तेव्हा सगळ्यांसमोर ती रेकॉर्ड मला देणार. 'माझे कान गेले, मूलबाळ नाही, आणि माझ्या भावाला दिलेला शब्द पाळणारं माणूस एवढ्या लोकांत एकटी पोला होती. जमिनीने ती परत दिली ती तुझ्यासाठीच.' तू कधी एवढं लांब वाक्य लिहीत नाहीस. बराच वेळ बसून लिहिलेलं दिसतंय.

मी गप्प बसले तर शनिवारी मला ती टाळ्यांसह मिळेल. पस्तीस वर्षं जी हवी होती ती. आपल्या पहिल्या रविवारची बेर्नाडिन रडेल, फादर काहीतरी बोलतील. तुला कधीच काही कळणार नाही, कारण कळायला कान लागतात. हे सगळं मी आज सकाळी कॉफी पिताना मोजून बघितलं. म्हणून लिहिते, नाहीतर मोजता मोजता मला ते पटेल.

कॅझ, मी शब्द पाळला नाही. मी ती रेकॉर्ड चोरली.

झिगीच्या घरून मी ती आणली त्या दिवशी दुपारी दोन वाजता माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मी दोन्ही रेकॉर्डी शेजारी ठेवल्या. त्याची आणि माझी. ऊन होतं. मी प्यायलेली नव्हते, रडलेली नव्हते. माझ्या रेकॉर्डवरचा ओरखडा नखाने चाचपला, एकदा नाही, दोनदा. मग माझी, डबा खाल्लेली, झिगीच्या शिक्क्याच्या कव्हरात घातली. त्याची माझ्या साध्या कव्हरात. संध्याकाळी तुझ्या देखत मी त्याच्या कोपराखाली सरकवली ती माझी होती. तू शिक्क्याकडे बघून रडलास आणि मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. त्याच हाताने.

का केलं म्हणशील. कारण काही मोठं नाही. मला ती हवी होती. मेलेल्या माणसाला खाकरा काय करायचाय, असं वाटलं. आणि त्याने माझ्या हाताखालून नेली होती तशी मी त्याच्या हाताखालून नेली, याचं मला त्या दिवशी थोडं हसूही आलं.

घरी आणून मी कव्हराला शिवणकामाची फीत आडवी-उभी बांधली आणि कारखान्यात कापडाचे गठ्ठे बांधायचो ती गाठ मारली. ती गाठ आता करणारं माणूस या गावात माझ्याशिवाय उरलेलं नाही, मार्सीला शिकवली होती तर तिने बुटाला मारून बघितली आणि बूट कापावा लागला. मग कपाटात टेबलक्लॉथांच्या खाली ठेवली. आणि अकरा वर्षं लावली नाही. एकदाही नाही. लावायला काढली की तुझ्या पाठीवरचा हात आठवायचा, परत ठेवायचे. चोरलेली वस्तू वापरायची हिंमत नसेल तर माणसाने चोरू नये. पण ते आधी कळत नाही.

आता रविवारचं बघ. तुझ्या घरी शिक्क्याच्या कव्हरातून निघायला हवी होती माझी. टकटकवाली. मी तयारीने आले होते. क्लॅरिनेटच्या जागी टक, टक, टक होईल, तुला ऐकू येणार नाही, मी सांगेन की पाण्याने बिघडली, परत पुरून टाक. एवढं पाठ करून आले होते. आणि ढोलवाला खाकरला.

घरी आल्यावर दोन दिवस कपाट उघडलं नाही. मंगळवारी तुला पत्र टाकलं, पोस्टातून परत आले, आणि कोट न काढता सगळे टेबलक्लॉथ पलंगावर काढले. पाकीट होतं तिथेच. फीत होती. गाठ माझीच होती, जशीच्या तशी, वरचं टोक डावीकडे. मी ती सोडवली नाही, कात्रीने कापली.

आत निळं लेबल. लावली.

खाकरा नाही. नुसती खरखर, आणि मग सूर. दुसरी बाजू लावली. क्लॅरिनेट आली आणि टक, टक, टक. फेलिक्स.

मी तिथेच उभी राहून ती शेवटपर्यंत ऐकली. बंद करायला हात जाईना. मग सुई उचलली तर सुईच्या टोकाला काळं काहीतरी अडकलेलं. मखमलीच्या कपड्याने रेकॉर्ड पुसली. कपडा काळा झाला. परत पुसली, परत काळा. भरड, चोळलं की करकरणारं. तू म्हणशील, पोला, आपल्याकडे कोळसा कशावर बसत नाही? बसतो, मला सांगू नकोस, मी साठ वर्षं पडदे धुतलेत. पण टेबलक्लॉथ पांढरेशुभ्र आहेत. कव्हर आतून पांढरं आहे. फक्त रेकॉर्डच्या रेघांत, खोल, जशी ती कुठेतरी बरीच वर्षं पडून होती.

मार्सीला सांगितलं नाही. ती लगेच लिफ्टवाली इमारत दाखवील.

मी भुतंबितं मानत नाही, तुला माहीत आहे. मेलेल्या माणसाला एवढी कामं असतील असं मला वाटत नाही. तरी बसून विचार केला, आणि दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, त्या दुपारी माझ्या हातांनी चूक केली, मी रेकॉर्डी बदलल्या असं मला वाटलं आणि बदलल्याच नाहीत. म्हणजे मी अकरा वर्षं स्वतःच्याच फुटक्या रेकॉर्डची चोर होऊन बसले. पण मी नखाने चाचपली होती, कॅझ. दोनदा. चाळीस वर्षं बोटांनी टाके मोजलेली बाई आहे मी. आणि मग हा कोळसा कुठून आला?

दुसरी गोष्ट मी लिहीत नाही. तुझ्या भावाची कोपरं टोकदार होती आणि स्वतःची वस्तू तो कुणाला ठेवू द्यायचा नाही, एवढंच लिहिते. ती कोरडी राहिली, पांढरी राहिली, आणि जिने ती कधी घ्यायलाच नको होती तिच्याच कानांपर्यंत आली. माझीही मला परत मिळाली, काही राहिलं नाही. याला हिशोब म्हणावं तर म्हण, मला शब्द सापडत नाही.

म्हणून शनिवारी मला काही द्यायचं नाही. जेवताना उठून माझं नाव घेतलंस तर मी तिथेच, सूप पीत, सगळ्यांना हे सांगेन, आणि तुला माहीत आहे मी सांगेन. ती रेकॉर्ड त्याच्याबरोबर ठेव. तुझ्या हातांनी. आधी कव्हरातून बाहेर काढ, दुसरी बाजू उजेडात तिरकी धरून बघ, ओरखडा नाही ना, मग आत घाल आणि मग त्याच्या कोपराजवळ. नवी पेटी आहे, पाणी जायचं नाही. मला जवळ उभं करू नकोस. मी हात लावणार नाही, आणि तू 'पोला, तूच ठेव' म्हणालास तर मी तुझं ऐकू आलं नाही असं दाखवीन. शिकलेय तुझ्याकडून.

माझी रेकॉर्ड मी परत बांधून ठेवली आहे. दुसरी गाठ मारली, साधी. आज दुपारी मी भांडी घासत होते आणि कपाटाकडे तोंड करून उभी असल्याचं माझ्या लक्षात आलं. पाठ वळवता येईना. शेवटी भांडी तशीच ठेवून तुला पत्र लिहायला पुढच्या खोलीत आले. इथून कपाट दिसत नाही. दिसत नाही हेच बरं वाटत नाही.

आता तुझ्या मनात काय येईल ते मला कळतं. मी तुझ्या जागी असते तर माझं पत्र स्टोव्हमध्ये घातलं असतं आणि बेर्नाडिनला सांगितलं असतं की पुढच्या पहिल्या रविवारी ती बाई नको. तसं वाटलं तर लिहून कळव, दोन ओळी पुरे, मी वाद घालणार नाही. आपण तिघंच उरलोय, दोघं उरलात तरी रेकॉर्डी वाजतीलच. तुझ्या रागाचं मला काही नाही, आधीही नव्हतं. तू रडलेलास आणि मी थोपटलं होतं, तेवढं मात्र तू विसरू नकोस. मी विसरले नाही.

शनिवारी मी मागे, दाराशी उभी असेन. तू ती ठेवलीस की मान हलव, म्हणजे मला कळेल. मग घरी येऊन ते कपाट उघडेन आणि आत माझी आहे का बघेन. नसली तर तुला लगेच पत्र टाकीन.

तुझ्या भावाला फसवणारी, किंवा फसवू न शकलेली,
अपोलोनिया